बघून सांगणारी

उंदीर प्यायलेला आहे की नाही, हे ताई नुसतं बघून सांगायची.

या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवलाही नाही. ती ज्या संशोधन संस्थेत कामाला होती, तिथल्या तळमजल्यावरचे सगळे उंदीर अकरा वर्षं तिच्या ताब्यात होते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, वजनं घेणं आणि वरच्या मजल्यावरचे संशोधक लिहून देतील ते औषध नेमक्या मापानं टोचणं, हे तिचं काम. मोठमोठ्या पदव्यावाल्यांना कडकडून चावणारा उंदीर ताईच्या मुठीत गेला की शहाण्या बाळासारखा पडून राहायचा. तिला ताई सगळेच म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, फरशी पुसणारे म्हणायचे, घरी धाकटा भाऊ तर म्हणायचाच. खरं नाव तेवढं गळ्यातल्या ओळखपत्रावर उरलं होतं आणि ते ओळखपत्रही बहुतेक वेळा उलटं लोंबकळत असायचं.

सध्याचा प्रयोग दारूचा होता. वरच्या मजल्यावर आठ महिन्यांपूर्वी नव्या मॅडम आल्या होत्या, त्यांचा. एक दिवसाआड, सकाळी नऊ वाजता, उंदराला दारूची सुई टोचायची आणि त्याला काचेच्या चौकोनी पेटीत पंधरा मिनिटं सोडायचं. पेटीत या बाजूपासून त्या बाजूपर्यंत न दिसणारे किरण असतात. उंदीर त्यांना आडवा गेला की शेजारच्या यंत्रावर एक आकडा वाढतो. किती पळाला, याचा हिशोब तो. काही उंदरांना मात्र तीच सुई संध्याकाळी, त्यांच्या पिंजऱ्यातच.

दारू पोटात गेली की प्राणी लोळायला लागतो, असं आपल्याला वाटतं. मोठ्या मापात लोळतोही. पण बेताच्या मापात हे करडे उंदीर उलट पळत सुटतात. त्यातही गंमत अशी, की पहिल्या दिवशी जेवढे पळतात त्याहून तिसऱ्या खेपेला जास्त पळतात, आणि सहाव्या खेपेला तर पेटी डोक्यावर घेतात. माप तेच, सुई तीच, टोचणारी ताईही तीच. सवयीनं दारू कमी चढायला हवी, तर यांना ती दर खेपेला जास्त चढते. शेजारच्या मांडणीवरचे काळे उंदीर मात्र ढिम्म. त्यांना किती का टोचा, नाकासमोर बघत कोपऱ्यात बसणार. दोघांच्या डोक्यात नेमका काय फरक आहे, हे शोधायला मॅडमना नोकरीवर घेतलं होतं. आठ महिन्यांत त्यांना काय सापडलं असं कुणी विचारलं, तर त्या चष्मा काढून डोळे चोळायच्या.

"ताई, हा डावीकडचा कुठल्या गटातला असेल?" एकदा त्यांनी गमतीनं विचारलं होतं. पिंजऱ्यावरचं कार्ड झाकून ठेवलेलं होतं.

"प्यायलेला आहे," ताई म्हणाली. "आणि पाचवी-सहावी खेप असणार. मान बघा ना कशी पुढे काढलीय."

कार्ड उलटलं. सहावी खेप. त्या दिवसापासून मॅडम आल्यागेल्याला सांगत, यंत्र बिघडलं तरी चालेल, ताई रजेवर जाता कामा नये. ताई वरवर नको नको म्हणाली, पण आठवडाभर जमिनीवरून दोन बोटं वर चालली.

आता हे कौतुक तळमजल्यावरच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते घरापर्यंत आलं.

धाकटा फर्निचरला पॉलिश करायचा. हात असा, की जुन्या कपाटात आपला चेहरा बघून भांग पाडावा. पण पॉलिशचं काम म्हणजे दिवसभर स्पिरिटच्या वासात नाक, आणि दुकानातली चौकडी अशी, की काम संपलं की तिथेच, फळ्यांच्या ढिगावर बसून, बाटली उघडायची. धाकटा प्यायला की झिंगत नसे. तो उत्साहात यायचा. टेबल खिडकीशी सरकव, भिंतीला खिळे ठोक, बायकोला सांग की आपण घराचा वरचा मजला बांधू. सुरुवातीला घरच्यांना ते आवडायचंसुद्धा, हे ताईला आता आठवायला नको वाटायचं. मग दर वर्षी तेवढ्याच दारूत उत्साह वाढत गेला. शेवटी एका दुपारी त्यानं आपल्या पोरीला, चिमीला, शाळेतून आणताना स्कूटरवर बसवलं, आणि वळणावर दोघं पडली. त्याला खरचटलं. सहा वर्षांच्या पोरीचा उजवा हात मोडला.

भावजय चिमीला घेऊन माहेरी निघून गेली. जाताना ती धाकट्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली ती ताईशी.

"ताई, माझ्या कचेरीतून दुसऱ्या शहरात बदली मिळतेय. मी तीन महिने थांबते. हा तुमच्याकडे राहू दे. नव्वद दिवस कोरडा राहिला तर आम्ही परत येतो, नाहीतर मी होकार कळवते आणि चिमीला घेऊन जाते. त्याला मी विचारणार नाही. आठ वर्षं रोज विचारलं, आठ वर्षं रोज नाही म्हणाला. आणि वासावरून तर कळणारच नाही, तो स्पिरिटचा वास त्याच्या कातडीत गेलाय. तुम्हाला बघून कळतं ना? तुम्ही रोज संध्याकाळी मला कळवा."

"माझा भाऊ आहे तो," ताई म्हणाली.

"म्हणूनच. तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे."

ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि त्याच वेळी ही जबाबदारी नकोशीही वाटली. दोन्ही एकदम कसं होतं, ते तिला सांगता आलं नसतं.

ब्याऐंशी दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून भावाला बघितलं. तो जिना कसा चढतो, बूट कसे काढतो, पेला उचलून किती वेळात खाली ठेवतो. रोज संध्याकाळी भावजयीच्या फोनवर दोन शब्द जायचे: आज ठीक. पंधरवड्यातून एकदा दवाखान्यात तो यंत्रात फुंकून यायचा, तिथेही ठीक. त्याला नवीन काम मिळालं, खुर्च्या रंगवायचं, पाण्यात मिसळायचा रंग, स्पिरिटचा थेंबही नाही. घरात तो हळू बोलायचा, हळू चालायचा, सांगितलेल्या जागी बसायचा. काळा उंदीर झालाय, असं ताईच्या मनात यायचं आणि मग तिचं तिलाच ओशाळं व्हायचं. सख्ख्या भावाला कुणी असं म्हणतं का?

त्र्याऐंशीव्या दिवशी, गुरुवारी, तो जुन्या दुकानात गेला. त्याचे ब्रश तिथे पडून होते, ते आणायला. पाचच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली आणि ताईचा हात भाजी चिरता चिरता थांबला. दोन दोन पायऱ्या एकदम.

दार उघडून धाकटा आत आला तो बोलतच. ब्रश कसे जपून ठेवले होते त्यांनी, एकाचाही केस गेलेला नाही, चिमीचा पलंग आता मीच घासून पॉलिश करीन, हे टेबल इथे कशाला, उजेड तिकडे आहे. त्यानं टेबल ओढलं. डोळे चकाकत होते. खिडकीपर्यंत गेला, परत आला, परत गेला. मान पुढे काढलेली. अंगाला स्पिरिटचा वास तर येतच होता.

ताईनं त्याला एवढंच विचारायचं होतं, की बाबा, घेतलीस का? पण तिनं विचारलं नाही. तिनं बघितलं होतं. बघितल्यावर विचारायचं काय? ती आत गेली, हात पुसले आणि फोनवर दोन शब्द पाठवले: आज नाही.

मग बाहेर येऊन म्हणाली, "कळवलं मी तिला."

"काय कळवलंस?"

"तुला माहीत आहे काय ते."

त्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. एकदा तर तो तळहात तोंडाजवळ नेऊन त्यावर श्वास सोडताना तिला दिसला, पण त्या वेळी तिनं त्याचा काही अर्थ लावला नाही. मग तो टेबलाशी खाली बसला आणि रात्री जेवायलाही उठला नाही. त्यानं वाद घातला नाही, हीच ताईला कबुली वाटली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी ती कामावर गेली ती जड पायांनी. डोळे सुजलेले, केस जेमतेम बांधलेले. फळ्यावर मॅडमच्या अक्षरात त्या दिवसाचं काम लिहिलेलं होतं: सगळ्यांना मीठपाणी, पेटीत पंधरा मिनिटं. म्हणजे दारू नाही. मिठाचं साधं निर्जंतुक पाणी, जे टोचून उंदराला काहीही होत नाही. आधीच्या संशोधकांच्या प्रयोगात असा दिवस कधी नसायचा, पण नव्या मॅडमच्या पद्धती नव्या. ताईनं जास्त विचार केला नाही. आजच्या दिवशी सोपं काम मिळालं, हे बरंच झालं.

फ्रिजमधून तिनं बाटली काढली, सुया भरल्या, आणि पहिल्या करड्या उंदराला टोचून पेटीत सोडलं.

उंदीर पळत सुटला.

ताई बघत राहिली. आकडा भराभर चढत होता. मान पुढे, शेपूट सरळ, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. प्यायलेला. याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अकरा वर्षांत नव्हती, आजही नव्हती. दुसरा उंदीर, तेच. तिसरा, तेच. ताईची पाचावर धारण बसली. रडक्या डोळ्यांनी बाटली उचलली, आणि उचलली ती चुकीची. दारू टोचली आपण. सहा आठवड्यांचा प्रयोग एका सकाळीत मातीत घातला.

तिनं बाटली उजेडात धरली. दोन्ही बाटल्यांतलं पाणी सारखंच, काचेसारखं. झाकण उघडून वास घेतला. काही नाही. हातावर थेंब घेऊन पुन्हा घेतला. काही नाही. दारूची बाटली फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, काल होती तितकीच भरलेली. म्हणजे बाटली बरोबर आहे. आणि पेटीतला उंदीर प्यायलेला आहे. दोन्ही खरं. तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले, की निदान एक तरी गोष्ट खोटी निघेल.

तिनं चौथा उंदीर, तोही करडाच, पण दुसऱ्या गटाच्या मांडणीवरून घेतला. त्यालाही टोचलं. तो पेटीत गेला, दोन चकरा मारल्या आणि कोपऱ्यात बसून मिशा साफ करायला लागला. त्याच बाटलीतलं पाणी. आता तर तिचं डोकंच चालेना. ती तशीच जिना चढून वर गेली.

मॅडम कागदात डोकं खुपसून बसल्या होत्या. ताईनं दारातूनच सांगून टाकलं. "माझ्या हातून चूक झाली. काय झाली ते मला कळत नाही, पण झालीय."

सगळं ऐकून मॅडम खाली आल्या. त्यांनी यंत्रावरचे आकडे बघितले, पिंजऱ्यांची कार्डं बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ताईला तो उजेड बघून आणखीच गोंधळायला झालं.

"चूक नाही, ताई. हेच तर बघायचं होतं. हे जे तीन पळाले ना, त्यांना सहा आठवडे दारू कधी मिळाली? पेटीत जायच्या आधी. आणि हा बसलेला, याला?"

"यालाही तेवढीच मिळाली," ताई म्हणाली. "पण पेटीतून काढल्यावर. संध्याकाळी, त्याच्या पिंजऱ्यात. मीच टोचायची."

"बरोबर. दोघांच्या पोटात दारू सारखीच गेली. पण या तिघांच्या मेंदूनं पेटी आणि दारू यांची गाठ मारून ठेवली. ती काच, तिचा वास, सुई, तुमचा हातसुद्धा. आज दारू नव्हती, पण पेटी होती. मेंदूला तेवढं पुरतं. आतमध्ये डोपामीन नावाचं रसायन सुटतं. लोक म्हणतात डोपामीन म्हणजे मजा. मला तसं वाटत नाही. ती मजेच्या आधीची हाक आहे. येतंय, येतंय, अशी. ती हाक दर खेपेला मोठी होत जाते, आणि शेवटी नुसत्या हाकेवर पाय पळतात."

"मग हे प्यायलेले नाहीत?"

"थेंबभरही नाही."

"पण दिसतायत तर प्यायलेले."

"दिसतायत," मॅडम म्हणाल्या. "बघून फरक सांगता येत नाही. मलाही नाही."

ताई खुर्चीवर बसली. मॅडमना वाटलं, चूक झाल्याच्या धसक्यानं बसली. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. ताईनं तो हातात घेतला आणि न पिता त्यांना सगळं सांगितलं. जुनं दुकान, टेबल, चकाकणारे डोळे, दोन शब्द. सांगता सांगता तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

मॅडमनी तिच्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला. "मी माणसांची डॉक्टर नाही, ताई," त्या म्हणाल्या. "तो काल प्यायला नसेल, असं होऊ शकतं. प्यायला असेल, असंही होऊ शकतं."

"पण नसेल प्यायला, तर मग तो बरा आहे ना?"

"तसंही म्हणता येत नाही." त्यांनी चष्मा काढला. "ही हाक ज्याच्या डोक्यात उठते, तो कधीही घसरू शकतो. आणि ती थांबवायची कशी, तेही आम्हाला धड माहीत नाही. डोपामीन अडवणारं औषध देऊन बघितलं, पळणं कमी झालं, पण गाठ तशीच राहिली. मग दुसरं रसायन, ग्लुटामेट, ते अडवलं, तर काळे उंदीर बिघडले आणि करडे तसेच. मी रोज सकाळी एक गोष्ट समजून येते आणि संध्याकाळी ती विसरून घरी जाते. तुमच्या भावाबद्दल मी काय सांगणार?"

ताई दुपारीच घरी आली. धाकटा कामावर गेलाच नव्हता. टेबल त्यानं परत जुन्या जागी आणून ठेवलं होतं आणि त्याच्याशी हात मांडीवर ठेवून बसला होता.

"काल तू प्यायला नव्हतास," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. "हे कसं कळलं?"

"उंदरांवरून."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "काल प्यायलो होतो ते तूच ठरवलंस. आज नव्हतो प्यायलो, तेही तूच. चाललंय ते चालू दे."

ताईनं भावजयीला फोन लावला. आपण चुकलो, काल तसं काही नव्हतं, पेटी होती म्हणून उंदीर पळाले, दुकान होतं म्हणून हा. सांगताना तिचं तिलाच ऐकवेना, इतकं ते वेड्यासारखं वाटत होतं.

"ताई," भावजय म्हणाली, "तुम्ही काल चुकलात, की आज माया आली?"

"माहीत नाही," ताईच्या तोंडून निघून गेलं. आणि ते खरं होतं. काल तिनं छातीठोक सांगितलं होतं, आज तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. गुरुवारची दारू असली तरी आता अंगातून गेलेली असणार. कुठलंही यंत्र कालचं आज सांगणार नव्हतं.

"मी रविवारी येते. चिमीचे उरलेले कपडे न्यायचेत," भावजय म्हणाली. "आल्यावर बघू."

रविवारी अकरा वाजता त्या दोघी आल्या. भावजयीच्या खांद्याला मोठी रिकामी पिशवी होती. ती दारातच उभी राहिली. चिमी तिच्या मागून डोकावत होती. हात बरा झाला होता, पण कोपर अजून थोडं वाकडंच धरत होती.

धाकटा उठला. शुक्रवार-शनिवार जो माणूस दगडासारखा बसून होता, तो असा उठला की खुर्चीच मागे पडली. त्यानं ती उचलली. मग दुसरी आणली. पाणी आणायला आत गेला, पेला विसरून बाहेर आला, परत गेला. चिमीला ब्रश दाखवायला घेतले, हा बारीक कामाचा, हा कडांचा, बघ याच्या केसांना हात लाव. खिडकी उघडली. टेबल खिडकीशी ओढायला लागला, आणि मध्येच त्याला काहीतरी आठवलं असावं, तो ते अर्ध्यात सोडून उभा राहिला. डोळे चकाकत होते. मान पुढे काढलेली.

भावजयीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं ताईकडे बघितलं. त्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि तो ताईला आठ पावलांवरून स्वच्छ वाचता आला.

ताईनं भावाकडे बघितलं. अगदी जीव तोडून बघितलं. सकाळपासून तो घरातच होता, पण सकाळी ती अर्धा तास बाहेर जाऊन आली होती. अर्धा तास म्हणजे पुष्कळ. ही हाक आहे की दारू आहे? दुकान नाही, चौकडी नाही, मग ही कसली पेटी? पोरगी दारात दिसली, हीच पेटी? की कुठलाही बाप असाच धावपळ करील? तिला तीन वेगवेगळे भाऊ दिसत होते आणि तिघेही एकसारखेच हलत होते.

"सांगा ना," भावजय म्हणाली. "घेतलीय?"

"मला बघून कळत नाही," ताई म्हणाली.

हे वाक्य म्हणायला तिला किती जड गेलं, ते तिलाच ठाऊक. भावजयीचा चेहरा कडक झाला. "मग इतके दिवस काय कळवत होतात? अकरा वर्षं कामावर तरी काय करता?"

"तिथे बघावंच लागतं, गं," ताई म्हणाली. "उंदरांना विचारता येत नाही."

आणि बोलून झाल्यावर तिचं वाक्य तिलाच ऐकू आलं. तिनं भावजयीकडे बघितलं, भावजयीनं तिच्याकडे. शहाऐंशी दिवस. एकीनं विचारायचं नाही असं ठरवलेलं, दुसरीनं विचारायची गरजच नाही असं धरून चाललेली. आणि हा आपला मध्ये पेटीत.

टेबलाची कड धरून धाकटा उभा होता. "मला कुणी विचारतच नाही," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं.

भावजयीनं खांद्यावरची पिशवी सावरली. किती तरी वेळ ती त्याच्याकडे बघत होती, आणि ताईला दिसलं की तिला विचारायची भीती वाटतेय. आठ वर्षं ज्या प्रश्नाचं एकच उत्तर मिळालं, तो पुन्हा तोंडातून काढायचा म्हणजे सोपं नव्हतं.

"घेतलीस?" तिनं विचारलं.

जुना धाकटा असता तर "नाही" असं प्रश्न संपायच्या आत म्हणाला असता. आता तो थांबला. विचार करत होता.

"आज नाही," तो म्हणाला. "गुरुवारी पण नाही. पण गुरुवारी दुकानात पाय टाकला आणि न घेताच चढली. घरी येईपर्यंत उतरेना. ताई म्हणाली कळवलं, तेव्हा मलाच शंका आली. म्हटलं, घेतली की काय मी? आठवत नाहीये की काय? तोंडाचा वास घेऊन बघितला. रात्रभर मोजत बसलो, किती वाजता तिथे होतो, किती वाजता निघालो, मध्ये कुठे वेळ उरतो का. मला अजूनही शंभर टक्के..." तो थांबला. "नाही. नव्हती घेतली. ते नक्की."

"आणि आता?"

"आता हवीय," तो म्हणाला. चिमी ऐकत होती म्हणून त्यानं आवाज खाली आणला, पण शब्द बदलले नाहीत. "तुम्ही दोघी दारात दिसलात तेव्हापासून हवीय. आनंद झाला ना, म्हणून. आनंद आणि ती वेगळं कसं करायचं ते मला येत नाही. शिकवलंच नाही कुणी."

ताईला रडावंसं वाटत होतं आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता, आणि यातलं काय आधी करावं ते कळत नव्हतं. भावजय खरं मानत होती की नाही, हेही तिच्या चेहऱ्यावरून कळेना. बहुतेक भावजयीलाही कळत नसावं. आठ वर्षांत तिला पहिल्यांदाच "नाही"पेक्षा मोठं उत्तर मिळालं होतं, आणि ते कुठे ठेवायचं ते तिला सुचत नव्हतं.

शेवटी ती खुर्चीत बसली. रिकामी पिशवी तिनं मांडीवरच धरून ठेवली.

"बस तू पण," ती त्याला म्हणाली. मग ताईकडे वळली. "संध्याकाळी तुम्ही कळवू नका, ताई. यालाच फोन करू दे. मी विचारीन आणि हा सांगेल. हवीशी वाटली तर तेही सांगायचं."

"आणि बदलीचं?" ताईनं विचारलं.

"चार दिवस आहेत अजून. मला माहीत नाही."

धाकटा बसला. चिमी जरा वेळानं त्याच्या खुर्चीजवळ गेली आणि कडांचा ब्रश उचलून आपल्या वाकड्या कोपरावर फिरवून बघायला लागली. त्याचा उजवा गुडघा भराभर हलत होता, थांबतच नव्हता. ताईनं सवयीनं मोजायला सुरुवात केली. सातापर्यंत आली, आणि तिनं मोजणं सोडलं.

"काय होतंय रे?" तिनं विचारलं, आणि तो सांगेपर्यंत थांबून राहिली.